माफीची दोन मापं

सू मेंगर्स हे नाव तुमच्यापैकी फार जणींनी ऐकलं नसेल. ती नटी नव्हती, दिग्दर्शक नव्हती, पडद्यावर तिचा चेहरा दिसायचं काही कारण नव्हतं. ती हॉलिवूडमधल्या नटनट्यांची एजंट होती. 1970च्या दशकात अमेरिकेतले मोठमोठे स्टुडिओवाले तिचा फोन आला की हातातलं काम टाकून उठत. बार्ब्रा स्ट्रायसँड, जीन हॅकमन, फे डनवे, रायन ओनील, अ‍ॅली मॅकग्रॉ, कँडिस बर्गेन, मायकल केन ही सगळी तिची माणसं. 2011 साली ती गेली. तेव्हापासून तिच्यावर पुस्तक आलं, नाटक आलं, लेख तर किती आले.

मी मिळेल ते वाचलं. एक गोष्ट लगेच लक्षात आली. सगळीकडे तिचे घोळदार कफ्तान आहेत, रंगीत काचांचा मोठा चष्मा आहे, तिचं वजन आहे, सिगारेट आहे, तोंडातल्या शिव्या आहेत, घरच्या मेजवान्या आहेत. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं: नवऱ्यापायी बुडाली.

माझं भांडण या वाक्याशी आहे.

आधी एजंट म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे 'दलाल' म्हटलं की लोक नाक मुरडतात. आमच्या सासरी गुळाची अडत होती. शेतकरी माल आणायचा, अडत्या तो सौद्यात उभा करायचा, चार खरेदीदारांना बोलावून भाव वर चढवायचा आणि विकला की आपली अडत कापून घ्यायचा. चांगला अडत्या शेतकऱ्याला सांगायचा, आज विकू नका, आठ दिवस थांबा. वाईट अडत्या खरेदीदाराशी आतून संधान बांधायचा. हॉलिवूडचा एजंटही तेच करतो. फरक इतकाच की तिथं माल म्हणजे माणूस. नटाला काम मिळवून द्यायचं, त्याचा भाव ठरवायचा, करार घासूनपुसून वाचायचा, आणि मिळालेल्या पैशातले शेकडा दहा टक्के घ्यायचे. नट स्वतःच्या तोंडानं 'मला एवढे द्या' म्हणायला लाजतो. त्याच्या वतीनं न लाजता बोलणं हे एजंटचं काम.

या कामाची ताकद किती, तर 1950 साली एमसीए या एजन्सीच्या लू वॉसरमननं जेम्स स्ट्युअर्टसाठी 'विंचेस्टर 73' या सिनेमात ठोक पगाराऐवजी नफ्यातला वाटा मागितला आणि मिळवला. त्या एका सौद्यानं नट आणि स्टुडिओ यांच्यातलं नातंच पालटलं. पुढे हीच एमसीए इतकी मोठी झाली, की 1962 मध्ये सरकारी दबावाखाली तिला एजन्सीचा धंदा सोडून द्यावा लागला, कारण एकीकडे नट विकायचे आणि दुसरीकडे सिनेमे काढून तेच नट विकत घ्यायचे, हे चालणार नाही असं सरकारनं बजावलं.

याच एमसीएच्या न्यूयॉर्कच्या कचेरीत 1955 साली एक मुलगी स्वागतकक्षात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना 'बसा, साहेब येतील' असं सांगत होती. तीच सू.

जन्म जर्मनीतल्या हाम्बुर्गचा, ज्यू घराण्यातला. 1938 साली हिटलरच्या भीतीनं आईबाप लेकराला घेऊन अमेरिकेला पळाले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी उतरले. पोरीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. बाप फिरता विक्रेता. नव्या देशात त्याचा जम बसला नाही, आणि एक दिवस न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलात त्यानं आपला जीव संपवला. सू तेव्हा शाळकरी वयाची. आई तिला घेऊन ब्राँक्समध्ये राहायला गेली आणि हिशेबनिसाची नोकरी करून तिनं घर चालवलं. सिनेमाच्या थेटरात बसून ही पोर इंग्रजी बोलायला शिकली असं म्हणतात. माझा विश्वास बसतो. ज्या घरात बोलायला कुणी उरत नाही, तिथं मुलं असाच कुठूनतरी आवाज उसना आणतात.

एमसीएनंतर तिनं विल्यम मॉरिस या जुन्या एजन्सीत टंकलेखनाचं काम धरलं. ही एजन्सी 1898 सालची. तिथला रिवाज ऐका. होतकरू मुलगा आला की त्याला टपालखात्यात घालायचे. तो पत्रं वाटत फिरायचा, प्रत्येक साहेबाच्या खोलीत डोकवायचा, कोण कुणाशी काय बोलतो ते ऐकायचा आणि काही वर्षांनी एजंट व्हायचा. होतकरू मुलगी आली की तिला टाइपरायटरपुढे बसवायचे. मुलाची पत्रांची गाडी ही जिन्याची पहिली पायरी. मुलीचा टाइपरायटर हा शेवटचा मुक्काम.

सू त्या मुक्कामावरून उठली. साहेबांचे फोन जोडता जोडता ती ते फोन ऐकत होती. 1963 मध्ये ओळखीच्या एका एजंटानं स्वतःची छोटी कचेरी काढली आणि तिला एजंट म्हणून बोलावलं. तिथून 60च्या दशकाच्या अखेरीस ती क्रिएटिव्ह मॅनेजमेंट असोसिएट्स, म्हणजे सीएमए, या नामांकित एजन्सीत गेली आणि न्यूयॉर्क सोडून लॉस एंजलिसला आली. सीएमएचे मालक दोघे, फ्रेडी फील्ड्स आणि डेव्हिड बेगलमन. हे दुसरं नाव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

ती पहिली बाई एजंट होती असंही लिहितात. तेही खरं नाही. टेनेसी विल्यम्ससारख्या नाटककाराला कुणी विचारत नव्हतं तेव्हापासून ऑड्री वूड नावाच्या बाईनं त्याला सांभाळलं, तीस वर्षं त्याची नाटकं रंगमंचावर नेली, आणि 1971 साली त्यानं तिला सोडलं. एकेका बाईला 'पहिली' म्हणायचं, म्हणजे तिच्या आधीच्यांची नोंद ठेवायची गरज उरत नाही. सू पहिली नव्हती. पण हॉलिवूडच्या सौद्यात बरोबरीनं उभी राहून आरडाओरडा करणारी, आणि तो ऐकून घ्यायला लावणारी, अशी तिच्याआधी दुसरी दाखवणं अवघड आहे.

काम कसं करायची? 1972चा 'व्हॉट्स अप, डॉक?' हा सिनेमा घ्या. बार्ब्रा स्ट्रायसँड तिची, रायन ओनील तिचा, दिग्दर्शक पीटर बोग्दानोविचही तिचाच. तिघांची मोट तिनं बांधली आणि सिनेमा तुफान चालला. 1975च्या 'लकी लेडी'साठी जीन हॅकमनला आयत्या वेळी बोलावणं आलं. ऐन वेळी अडलेल्या स्टुडिओकडून तिनं त्याला साडेबारा लाख डॉलर मिळवून दिले. तो भाव त्या काळात ऐकणाऱ्याला खोटा वाटावा असा होता. 1974च्या 'चायनाटाउन'साठी फे डनवेचं नाव निघालं तेव्हा निर्माता रॉबर्ट इव्हान्स मागेपुढे करत होता. सूनं ठोकून दिलं, लवकर बोला, तिला दुसरीकडे मागणी आहे. इव्हान्सनंही ठोकून दिलं, माझ्याकडे जेन फोंडा तयार आहे. दोघांच्याही हातात काही नव्हतं. हा किस्सा इव्हान्सनंच नंतर मोठ्या मजेनं सांगितला आहे.

खोटं बोलणं मला मान्य नाही. बाजारातलंही नाही. पण एवढं बघा, की तोच किस्सा सांगताना इव्हान्सचा 'बेरकीपणा' होतो आणि सूचा 'आगाऊपणा' होतो. खोटं दोघांचं सारखंच होतं की.

आता तिच्या त्या चुकीकडे येऊ.

1973 मध्ये तिनं जाँ-क्लॉद त्रामाँ या बेल्जियमच्या लेखक-दिग्दर्शकाशी लग्न केलं. त्याला सिनेमा करायचा होता. युनिव्हर्सल स्टुडिओचा 'ऑल नाइट लाँग' त्याच्या हाती आला. नायक जीन हॅकमन, सूचाच. नायिका लिसा आयकहॉर्न. चित्रीकरण सुरूही झालं होतं. मग आयकहॉर्नला काढलं आणि तिच्या जागी आली बार्ब्रा स्ट्रायसँड, तीही सूचीच. तशी ती दुय्यम भूमिका. त्यासाठी स्ट्रायसँडला 40 लाख डॉलर दिल्याचं तेव्हा छापून आलं. 1981च्या मार्चमध्ये सिनेमा लागला आणि पडला. त्यानंतर स्ट्रायसँडनं सूला सोडलं. तिच्या पाठोपाठ एकेक करत बाकीचेही गेले. 1986 मध्ये सूनं काम थांबवलं. 1988 मध्ये ती पुन्हा आली, तीही त्याच विल्यम मॉरिसमध्ये, जिथं कधीकाळी ती टाइप करत होती. पण दोनतीन वर्षांत तेही संपलं.

ही चूक होती का? होती. मी पांघरूण घालणार नाही. अडत्यानं आपल्या मेहुण्याचा माल खपवण्यासाठी भरवशाचं गिऱ्हाईक वापरलं तर बाजार त्याला नावं ठेवणारच. ज्या नटीनं तुमच्यावर विश्वास टाकला, तिचं हित आणि घरच्या माणसाचं हित एकाच ताटात कालवायचं नसतं. आणि ज्या लिसा आयकहॉर्नला मधूनच उठवलं, तिच्याबद्दल तर या सगळ्या लेखांत दोन ओळींच्या वर कुणी लिहीत नाही. सूची बाजू घेणाऱ्यांनीही तिला विसरू नये.

म्हणजे चूक मान्य. प्रश्न आहे तो शिक्षेच्या मापाचा. त्यासाठी तिच्या आजूबाजूच्या पुरुषांची वही उघडून बघू.

सू टाइपरायटरवर होती त्याच विल्यम मॉरिसच्या टपालखात्यात 1964 साली डेव्हिड गेफन नावाचा मुलगा लागला. अर्जात त्यानं पदवीधर असल्याचं लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं. विद्यापीठाचं खुलाशाचं पत्र येणार हे कळल्यावर तो रोज सगळ्यांच्या आधी कचेरीत येऊन टपाल चाळत बसला, पत्र आलं तसं त्यानं ते उचललं आणि बदलून ठेवलं. हे त्यानं स्वतःच पुढे जगाला सांगितलं. नंतर त्यानं गाण्यांच्या कंपन्या काढल्या, 1994 मध्ये ड्रीमवर्क्स स्टुडिओच्या तिघा संस्थापकांपैकी तो एक झाला. पत्राची ती गोष्ट आज 'बघा, पठ्ठ्या किती जिद्दी' म्हणून सांगतात.

आता बेगलमन. सीएमएचा तो मालक, सूचा एकेकाळचा साहेब. एजन्सी सोडून तो कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख झाला. 1977 मध्ये क्लिफ रॉबर्टसन या नटाच्या हाती करखात्याचा कागद पडला. कोलंबियानं तुम्हाला 10 हजार डॉलर दिले, असं त्यात होतं. रॉबर्टसनला एक दमडी मिळाली नव्हती. शोध घेतल्यावर उघड झालं की बेगलमननं त्याच्या नावाचा धनादेश काढून त्याची खोटी सही केली होती. असे आणखीही प्रकार निघाले. कंपनीनं त्याला आधी बाजूला केलं, मग त्याच वर्षी परत खुर्चीवर बसवलं, कारण तो धंदा चांगला करत होता. बाहेर फार बोभाटा झाला तेव्हा 1978च्या फेब्रुवारीत तो पायउतार झाला. कोर्टानं 5 हजार डॉलर दंड केला, तुरुंगात पाठवलं नाही, चांगल्या वागणुकीच्या अटीवर मोकळं ठेवलं आणि अमली पदार्थांविरुद्ध एक माहितीपट काढायला लावला. आणि दोन वर्षं होत नाहीत तोच तो एमजीएम या स्टुडिओचा प्रमुख झाला.

म्हणजे 1981 साली सूचा सिनेमा पडून तिचे फोन बंद झाले, तेव्हा दुसऱ्याची खोटी सही करणारा तिचा जुना साहेब स्टुडिओच्या खुर्चीत बसून फोन घेत होता. आणि ज्यानं चोरी उघड केली तो क्लिफ रॉबर्टसन? त्याला 1968च्या 'चार्ली'साठी ऑस्कर मिळालं होतं. तरी पुढची काही वर्षं त्याला हॉलिवूडनं काम दिलं नाही. बेगलमनचा शेवट पुढे 1995 मध्ये स्वतःच्याच हातानं झाला. कुणाच्याही तशा शेवटाचं वाईटच वाटतं, आणि तो माझ्या मुद्द्यात मी धरत नाही. मी फक्त गावानं त्याला किती वेळा हात दिला ते मोजते आहे.

तिसरा मायकल ओविट्झ. 1975 मध्ये विल्यम मॉरिसमधून बाहेर पडून पाचजणांनी सीएए ही एजन्सी काढली, त्यातला हा म्होरक्या. एजंटांचा राजा म्हणायचे त्याला. 1995च्या ऑक्टोबरात तो डिस्ने कंपनीचा अध्यक्ष झाला. जमलं नाही. सुमारे चौदा महिन्यांत त्याला जावं लागलं. जाताना किती मिळालं? तेरा-चौदा कोटी डॉलर. भागधारक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं खटला चालला, 2005 मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की संचालकांनी कायदा मोडलेला नाही. अपयशाची किंमत तिला धंदा देऊन चुकवावी लागली, आणि त्याला अपयशाबद्दल उलट पैसे मिळाले.

आणि घरच्या माणसासाठी सिनेमा करणं म्हणाल, तर डेव्हिड सेल्झनिकची आठवण करा. 'गॉन विथ द विंड'चा तो निर्माता. जेनिफर जोन्स या नटीवर त्याचा जीव जडला, पुढे लग्न झालं. तिच्यासाठी त्यानं किती खटाटोप केले! 1957चा 'अ फेअरवेल टू आर्म्स' हा त्याचा शेवटचा सिनेमाही तिलाच घेऊन काढलेला, आणि तो फसला. पण सेल्झनिक बायकोपायी बुडाला असं म्हणून त्याचं सगळं आयुष्य कुणी एका ओळीत गुंडाळलं का? नाही. त्याचं प्रेम, त्याचा ध्यास, असं लिहितात. बायकोसाठी सिनेमा काढणाऱ्या नवऱ्याची दंतकथा होते, आणि नवऱ्यासाठी सिनेमा जमवणाऱ्या बायकोचा धडा.

आता यावर कुणी म्हणेल, ती तोंडाची फार वाईट होती. होती. 1969 मध्ये शॅरन टेट या नटीचा घरात घुसून खून झाला, सगळं हॉलिवूड भेदरलं. तेव्हा घाबरलेल्या स्ट्रायसँडला सू म्हणाली म्हणे, की तू कशाला घाबरतेस, बड्या नटांना कुणी मारत नाहीये, दुय्यमांनाच मारतायत. लोक हा विनोद अजून टाळ्या घेऊन सांगतात. मला तो सहन होत नाही. एक गर्भार बाई आणि तिच्याबरोबरची माणसं मेली, त्यावर हसायचं काय? पण मग तो विनोद सांगणाऱ्यांना मी विचारते, तुम्हीच त्याच्यावर हसलात, तुम्हीच तिला मेजवान्यांना बोलावलंत, तिच्या घरी जेवलात. ती भाव मिळवून देत होती तोवर ते तिखट तोंड 'मजेदार' होतं. सिनेमा पडल्यावर तेच तोंड 'उद्धट' झालं. तोंड तर तेच होतं ना?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कुणी म्हणेल, ती बायकांची कैवारी वगैरे काही नव्हती. बरोबर. आपल्या मागून येणाऱ्या मुलींसाठी तिनं दार धरून ठेवलं असं मला कुठं दिसलं नाही. पण न्याय मागायला ती संत असायला हवी, ही अट कुणी घातली? बेगलमनला परत घेताना तो किती सज्जन, हे कुणी तपासलं नव्हतं. पुरुषाला माफी हवी तर तो उपयोगी असला की पुरे. बाईला माफी हवी तर तिनं आधी देवी व्हायला पाहिजे.

तिसरा आक्षेप असा की जमाना बदलला. हे मला पटतं, आणि हेच तिच्या पडझडीचं खरं कारण आहे असं मी मानते. सीएएच्या मंडळींनी काम करायची रीतच पालटली. तिथं एका नटामागे पाचसहा एजंट असत. लेखक, दिग्दर्शक, नट यांचा आख्खा संच बांधून स्टुडिओपुढे ठेवायचा ही त्यांची पद्धत. सू एकटी होती. तिची सगळी पुंजी म्हणजे तिची नटांशी असलेली मैत्री आणि तिचा आवाज. संघटित टोळीपुढे एकटा दुकानदार टिकत नाही. पण हे कारण नीट सांगायचं तर धंद्याचा अभ्यास करावा लागतो. 'नवऱ्यापायी बुडाली' म्हटलं की काम भागतं, आणि ऐकणाऱ्या पोरीबाळींना वेगळा धडाही मिळतो.

आता मूळ गोष्टीकडे येते. पुरुषांना एवढी माफी मिळाली कुठून? ते काही जास्त चांगले नव्हते. फील्ड्स आणि बेगलमन सीएमएचे मालक होते. ओविट्झ सीएएचा संस्थापक होता. गेफननं कंपन्या स्वतःच्या नावानं काढल्या. सू पगारी होती. हॅकमनच्या साडेबारा लाखांतले दहा टक्के एजन्सीच्या तिजोरीत गेले, सूला तिचा पगार मिळाला. 1975 मध्ये सीएमए दुसऱ्या कंपनीत मिसळून आयसीएम झाली, तो सौदाही मालकांनी केला. ती सगळ्यांचा भाव ठरवत होती, पण दुकानाच्या पाटीवर तिचं नाव नव्हतं. मालक पडला तर त्याच्याखाली भांडवल असतं, भागीदार असतात, त्याच्यात पैसे अडकलेले लोक असतात. ते त्याला उचलून परत उभा करतात, कारण तो पडून राहिला तर त्यांचंही नुकसान असतं. पगारी बाई पडली तर कुणाचंच काही अडत नाही.

मैत्रिणींनो, हे हॉलिवूड फार लांब आहे असं म्हणू नका. माझ्या पाहण्यातलं एक घर आहे, नाव गाव सांगत नाही. त्या घरातल्या मोठ्या सुनेनं वीस वर्षं दुकानाच्या वह्या लिहिल्या. दुपारची झोप म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही. एकदा तिनं आपल्या भावाला उधारीवर माल दिला आणि ती उधारी बुडाली. रक्कम काही डोंगराएवढी नव्हती. त्याच घरातल्या धाकट्या दिरानं सट्ट्यात गोदामासकट सगळं घालवलं होतं. आज दीर चार ठिकाणी विश्वस्त आहे, व्यासपीठावर त्याला शाल मिळते. आणि घरात लग्नकार्याची याद्या करायला माणसं बसली की अजून कुणीतरी हसत म्हणतं, वहिनींच्या हातात किल्ल्या देऊ नका हं, माहेरी जातील. सगळे हसतात. तीही हसते. मी तिचा तो हसरा चेहरा पाहिलाय.

आपण व्यापाऱ्यांच्या घरातल्या बायका. घेताना एक माप आणि देताना दुसरं माप वापरणं म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान आहे, हे पाठशाळेत आपण घोकलंय. खोटी मापं ठेवणं म्हणजे चोरीच. मग मापं काय फक्त धान्याची असतात? माणसाच्या चुकीलाही माप लागतं. पुरुषाची चूक छटाकानं आणि बाईची चूक मणानं मोजणं, ही चोरी नाही तर काय?

2013 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर सूवरचं नाटक लागलं. लेखक जॉन लोगन. बेट मिडलरनं एकटीनं ते केलं, सगळा वेळ सोफ्यावर बसून. नाटक कोणत्या दिवशी घडतं? 1981 मधल्या एका दिवशी, जेव्हा स्ट्रायसँड तिला सोडून चाललीये आणि ही फोनची वाट बघत बसलीये. लोक खूप हसले म्हणतात, नाटक गाजलं. माझी तक्रार अशी, की तीस वर्षांच्या कामातून लेखकाला नेमका तोच दिवस हाती लागला. 'चायनाटाउन'चा सौदा जुळला तो दिवस होता. हॅकमनचे साडेबारा लाख वसूल केले तो दिवस होता. स्वागतकक्षातल्या खुर्चीवरून उठून तिनं स्वतःसाठी पहिला नट मिळवला, तोही एक दिवस असणारच. पण बाईची गोष्ट रंगवायची तर ती पडते त्या दिवसापासून, ही सवयच लागून गेलीये.

ही सवय मोडायला फार काही लागत नाही. पुढच्या वेळी कुणी एखाद्या बाईबद्दल म्हणालं की ती अमक्यापायी बुडाली, तमक्यामुळे तिनं सगळं घालवलं, तर हसू नका आणि मान डोलवू नका. विचारा, त्याआधी तिनं किती वर्षं काम केलं? त्याच घरात, त्याच धंद्यात, तीच चूक पुरुषानं केली तेव्हा त्याला काय मिळालं? पाटीवर नाव कुणाचं होतं? आणि ज्यांच्या घरात दुकान आहे, वह्या आहेत, सुनेचे हात त्यात राबतायत, त्यांनी यंदाच्या दिवाळीत वहीपूजन होण्याआधी भागीदारीचा कागद काढून एकदा वाचावा. त्यात तिचं नाव आहे का ते बघावं. नसेल तर घालून घ्यावं, आणि मग पूजा करावी.